हक्कसोड

कुत्रं 'सरेंडर' करतात, हे मी पहिल्यांदा मरोळला ऐकलं. तोवर मला एकच सरेंडर ठाऊक होतं. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी फौज शरण आली, ते आम्ही चावडीपुढच्या रेडिओवर ऐकलं होतं. मी तेव्हा पाचवीत असेन. गुरुजींनी सगळ्या पोरांना साखर वाटली होती. त्यामुळं सूनबाई फोनवर कुणाला तरी "आम्हाला डॉग सरेंडर करायचाय" असं म्हणाली, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून तिच्याकडं बघत राहिलो. म्हणलं, यात शरण कोण जातंय? कुत्रं का आपण?

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढं. पिंपळगाव जोग्याचं पाणी आल्यापासून ऊस, कांदा, टमाटे, एवढ्यावर घर चालतं. मी दहावी झालो १९७७ ला आणि तिथनं थेट नांगराला. थोरल्याला मात्र आयटीआयला घातला. तो मरोळच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागला, तिथंच लग्न झालं, तिथंच मुलगी झाली. सूनबाई सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात जाते. घर चौथ्या मजल्यावर, एक खोली नि स्वयंपाकघर. आमच्या गोठ्यात दोन बैल बांधून तिसऱ्याला जागा उरते, एवढंच ते घर.

मरोळला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं, इथं माती म्हणून दिसायची नाही. पण गावठाणात एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "पाटील, ही सगळी भाताची शेतं होती. तुम्ही उभे आहात तिथं आम्ही आवणी केलीय." मग एमआयडीसी आली, १९७३ साली सीप्झ आलं, खाचरं गेली. मिठी नदी उरली, तिलाही लोक आता नाला म्हणतात. गाव असं गिळलं गेलं तरी एका अंगाला आरेचं रान आहे, म्हणून मला तिथं श्वास घेता येतो. सकाळी उठून मी आरेच्या बाजूला चालत जायचो. माझ्याबरोबर असायचा ब्रूनो.

ब्रूनो आला २०२० च्या ऑक्टोबरात. टाळेबंदीचा काळ. शाळा बंद, नात आठ वर्षांची, दिवसभर त्या खोलीत मोबाईलपुढं बसून. पोरगं बोलेनासं झालं होतं. कुणीतरी थोरल्याला सांगितलं, लॅब्राडॉर घ्या, पोरांत फार रमतो. एक माणूस मोटारसायकलवर, भाजीच्या पिशवीतनं पिल्लू घेऊन आला नि बारा हजार रुपये घेऊन गेला. कागद नंतर देतो म्हणाला, ते कागद अजून यायचेत. मला फोनवर कळलं तेव्हा मी म्हणलं, "बारा हजारात कालवड आली असती रे." थोरला म्हणाला, "आप्पा, कालवड चौथ्या मजल्यावर कशी चढवू?" त्याचंही खरंच होतं.

पिल्लानं काम केलं, हे मी कबूल करतो. नात बोलायला लागली, हसायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तर दारातच तो माझ्या धोतराला लटकला. माझ्या बायकोला 'ब्रूनो' म्हणता येईना, ती त्याला 'भुऱ्या' म्हणायची. तो दोन्ही नावांना शेपूट हलवायचा. खायला घालणारा कुठल्याही नावानं हाक मारो, त्याची तक्रार नव्हती.

पण पिल्लू पिल्लू राहत नाही. दोन वर्षांत तो चौतीस किलोचा झाला. नवराबायको दोघं कामावर, पोरगी शाळेत, तो दिवसाचे नऊ तास एकटा. त्यानं गादी फाडली, दाराची चौकट कुरतडली, खालच्या मजल्यावरची बाई रोज तक्रार घेऊन वर यायला लागली. मागच्या पायानं थोडा ओढायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, खुब्याचा सांधा जन्मापासून कच्चा आहे, या जातीत हे असतं, वजन वाढू देऊ नका, जिने कमी चढवा. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट कधी चालू, कधी बंद.

त्यातच २०२३ ला इमारत पुनर्विकासाला गेली. दसऱ्याच्या आत घरं खाली करायची, तीन वर्षं भाड्यानं राहायचं. थोरल्यानं साकीनाक्यापासून पवईपर्यंत खोल्या बघितल्या. जिथं भाडं परवडेल तिथला मालक पहिला प्रश्न विचारी, "कुत्रा आहे का?" आहे म्हणलं की दार बंद. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, अशी केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची सूचना आहे म्हणे. पण भाडेकरू निवडायचा का नाही हे मालकाच्या हातात. त्याच्याशी भांडून कोण घर मिळवणार?

अशा वेळी शहरातला प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगतो, "गावाला पाठवा की. तिकडं मोकळी जागा आहे." ती गोष्ट आम्ही आधीच करून बसलो होतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

त्याच सालच्या एप्रिलात इमारतीची बोलणी सुरू झाल्यावर मीच म्हणलं होतं, आण त्याला इकडं. आमच्या गावचा टेंपो माल घेऊन वाशीच्या मार्केटला जातो, परत रिकामा येतो. थोरल्यानं ब्रूनोला वाशीपर्यंत आणलं, मी टेंपोत बसून गेलोच होतो. मुरबाड सोडून माळशेज घाट लागला तेव्हा त्यानं फळीच्या फटीतनं नाक बाहेर काढलं, ते ओतूर येईपर्यंत आत घेतलं नाही. मला वाटलं, जिंकलं. याची जागा इथंच होती.

पहिले आठ दिवस तो खरंच राजा होता. पाटाचं पाणी दिसलं की उडी. हाका मारून मारून बाहेर काढावा लागे. पुढं एका ताईंनी सांगितलं, ही जात मुळात कॅनडाच्या कडेच्या न्यूफाउंडलंड बेटावरची, थंड पाण्यात कोळ्यांची जाळी ओढायला मदत करणारी. म्हणजे हा जातीनं मच्छीमार. मग लक्षात आलं की पाण्यातून निघताना तो तोंडात काहीतरी का आणतो. काठी, बाटली, एकदा माझी चप्पल. आणून पायाशी ठेवायचा नि तोंडाकडं बघत बसायचा.

पण मे महिना लागला. दुपारी तो जीभ काढून मोरीत पडून राही. अंगभर गोचीड. आमच्या गावठी कुत्र्यांना गोचीड होतात तसे जातात. याला ताप भरला, खाणं सुटलं, सलाईन लावावी लागली. कोंबड्या दिसल्या की हा खेळायला धावे, त्याचा खेळ होई नि कोंबडीचा जीव जाई. शेजाऱ्याच्या तीन कोंबड्यांचे पैसे भरले आणि मग मी त्याला साखळी लावली.

इथं मला थांबून खरं लिहिलं पाहिजे. मी त्याला तीन आठवडे बांधून ठेवला. सकाळी-संध्याकाळी सोडायचो, पण टमाट्याच्या तोडणीची घाई, मजूर नाहीत, कधी सोडायचो कधी विसरायचो. आमच्याकडं कुत्रं बांधणं यात कुणाला वाईट वाटत नाही. बैल बांधतो, गाय बांधतो, कुत्रं बांधलं तर काय झालं? पण बैलाला माहीत असतं, आपल्याला सकाळी जुंपायचंय. याला कशासाठी बांधलंय हे ठाऊक नव्हतं. मानेचे केस गेले, कातडं लाल झालं. आधी भुंकायचा, मग रडायचा, मग गप्प झाला. मी तो गप्प झाला म्हणून बरं मानलं. "हळूहळू रुळला," असं थोरल्याला फोनवर सांगितलं. जनावरात जन्म गेला माझा, पण रुळणं आणि मनातनं खचणं यातला फरक मी त्या वेळी बघितला नाही. बघायचा नव्हता, असं म्हणा.

आणि आमच्याकडं बिबट्या आहे. धरणं झाली, ऊस झाला आणि बिबट्या उसात जन्मायला लागला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, इतके ते आमच्यात आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी त्याची विष्ठा तपासली, तर त्याचं मुख्य खाणं कुत्रं निघालं. आम्हाला ते तपासल्याशिवायच माहीत होतं. आमचा मोत्या २०१६ ला अंगणातनं गेला. सकाळी फक्त साखळी राहिली होती.

मे महिन्यात ऊस तुटलेला असतो, लपायला जागा कमी, मग तो घरांच्या जवळ येतो. आमच्याकडं शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मी पहाटे दोनला बॅटरी घेऊन पाणी धरायला गेलो होतो. परत आलो तर ब्रूनो पडवीत उभा, कान ताठ, शेपूट हलवतोय. हलवतोय! आमचं गावठी कुत्रं असतं तर चुलीमागं शिरलं असतं. उजाडल्यावर अंगणाच्या कडेला ओल्या चिखलात ठसे दिसले. पडवीपासून दहा पावलं. वनखात्याचा माणूस आला, ठसे बघितले, साखळी बघितली नि म्हणाला, "आप्पा, बांधलेलं कुत्रं म्हंजी त्याला ताट वाढून ठेवल्यागत झालं." काटेरी पट्टा घाला म्हणाला, रात्री घरात घ्या म्हणाला. घरात घेतला, तर बायकोच्या गुडघ्याला धडकून तिला पाडली. ती भिंतीला धरून उठली नि म्हणाली, "अहो, त्याचा बी जीव जाईल आन् माझा बी. त्याला त्याच्या पोरीकडं पोचवा."

मे संपायच्या आत तो मरोळला परत गेला. नातीनं त्याच्या मानेवरची जखम बघितली. मला काही बोलली नाही. तिनं त्या जागी रोज मलम लावलं, एवढंच.

मी पितरपाखात पुन्हा मरोळला गेलो, घर हलवायला हात लावावा म्हणून. कल्याणहून लोकलनं घाटकोपर, तिथनं मेट्रोनं मरोळ नाका. घरात खोकी बांधलेली, ब्रूनो खोक्यांच्या मधे. रात्री जेवताना विषय निघाला. थोरला गप्प. सूनबाई गप्प. मीच म्हणलं, "आरेत सोडून द्या. तिथं तबेले आहेत, वस्ती आहे. कोणीतरी तुकडा घालील. कुत्र्याचा जीव आहे, जगतंय."

हे मी सहज बोललो, कारण मी तसंच बघत आलो होतो. कुत्री व्यायली की आमचे वडील दोन पिल्लं ठेवायचे, बाकीची पोत्यात घालून नदीपलीकडं सोडून यायचे. मीही पोतं धरलेलं आहे. पलीकडनं पिल्लांचा आवाज यायचा, तो ऐकू येऊ नये म्हणून आम्ही पोरं मोठ्यानं बोलत परत यायचो.

नात ताटावरनं उठली. म्हणाली, "आबा, आरेत पण बिबट्या आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना, की याला घाबरायला येत नाही?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो घास मी कसा गिळला ते माझं मला ठाऊक. पांडव स्वर्गाच्या वाटेला लागले, सगळे एकेक करून पडले, शेवटी धर्मराजाबरोबर कुत्रं उरलं. कुत्र्याला आत घेणार नसाल तर मला तुमचा स्वर्ग नको, असं तो म्हणाला. सप्ताहात ही कथा मी किती वेळा ऐकली असेल, मान डोलावली असेल. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर आरेत सोडा.

त्या रात्रीनंतर सूनबाईंनी ते फोन केले. लॅब्राडॉरसारख्या कुत्र्यांना दुसरं घर मिळवून देणारी काही मंडळी मुंबईत आहेत. ऑफिस नाही, पाटी नाही. नोकरी सांभाळून करणारी माणसं. जागा कमी, कुत्री जास्त, म्हणून दहा दिवस थांबा म्हणाले. त्या दहा दिवसांत मी वर्तमानपत्रं, पुस्तकं चाळत बसलो, माणसांना विचारत राहिलो. कळलं ते असं, की मुंबईचं नि कुत्र्याचं भांडण फार जुनं आहे. १८३२ साली इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ ला, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी पांजरपोळ काढली. परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल शंभर वर्षांहून जुनं आहे. आणि १९६० च्या कायद्यानं पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल असं सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांची तर माझी आठवड्याची तंबाखू होते. कायद्यानं आमच्यासारख्यांना स्वस्तात सोडलंय.

दहाव्या दिवशी एक ताई घरी आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत कागद. ब्रूनो त्यांच्या अंगावर गेला, त्या जमिनीवरच बसल्या. मला ते आवडलं. बाजारात खरं गिऱ्हाईक असंच असतं. ते आधी खाली वाकून खूर बघतं, मग बोलतं.

त्यांनी मानेवरचा वण बघितला. "हे कशाचं?"

थोरला म्हणाला, "पट्ट्याचं असेल."

मी म्हणलं, "साखळीचं आहे. मी बांधला होता, गावाला."

त्यांनी काही रागावून बोलल्या नाहीत. लिहून घेतलं. मग एकेक प्रश्न. खातो काय, किती वेळा? फटाक्याला भितो का? जिना चढतो का? औषधं कुठली? लस कधी, पुस्तिका कुठंय? नसबंदी झाली का? झाली नव्हती. ती आम्ही आधी करून घेऊ, म्हणाल्या, मगच पुढं देऊ. नाहीतर कुणीतरी पिल्लांच्या धंद्याला घेतो. मग विचारलं, "कधी कुणाला चावलाय?"

थोरला चटकन म्हणाला, "नाही."

आता बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मी चाळीस वर्षं बैल विकलेत, घेतलेत. रुमालाखाली बोटं धरून भाव केलेत. तिथला नियम असा, की खोड विचारली तर सांगायची, नाही विचारली तर गिऱ्हाइकानं शोधायची. मारका बैल गरीब म्हणून गळ्यात घातलेले लोक मी बघितलेत. अशा बैलाचं पुढं काय होतं तेही बघितलंय. हा विकतो, तो विकतो, चार महिन्यांत तीन दावणी बदलतो आणि चौथी दावण खाटकाची असते.

मी म्हणलं, "ताई, एकदा चावलाय. वाटीत तोंड असताना शेजारच्या पोरानं वाटी ओढली. दोन दात लागले. पोराला सुया दिल्या, बरं झालं. खाताना याच्याजवळ लहान पोर जाऊ देऊ नका. एरवी गाय आहे."

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं, आप्पानं सगळं घालवलं. ताई मात्र म्हणाल्या, "काका, हे सांगितलंत ते बरं केलंत. आता याला लहान मूल असलेल्या घरात मी देणार नाही. हे लपवून लोक देतात, मग कुत्रं परत येतं. एकदा परत आलं, दोनदा आलं, की ते कुणावर विश्वास ठेवत नाही. मग त्याला घर मिळणं अवघड."

मग कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, की आजपासून या कुत्र्यावर आमचा काही हक्क नाही. नवीन मालकाचं नाव-पत्ता आम्हाला मिळणार नाही. परत मागता येणार नाही. पाठवला तर फोटो येईल, नाही आला तर विचारायचं नाही.

थोरल्याचा हात थरथरला. मला आमच्या तलाठ्याचं ऑफिस आठवलं. वडील वारले तेव्हा माझ्या दोघी बहिणी तिथं आल्या होत्या, हक्कसोडपत्रावर सह्या करायला. एकीनं सही केली, दुसरीनं अंगठा. मी त्यांना साड्या घेतल्या होत्या, जेवायला पुरणपोळी केली होती. मला त्या दिवशी एवढंच समजलं होतं की जमीन माझ्या नावावर झाली. त्या परत जाताना बांधावर उभ्या राहून वावराकडं का बघत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. मरोळच्या त्या खोलीत, खोक्यांमध्ये बसून, माझ्या पोराला सही करताना बघितलं तेव्हा कळलं. सहीनं कागदावरचा हक्क सुटतो. बाकीचं जिथल्या तिथं राहतं.

रविवारी सकाळी ताई गाडी घेऊन आल्या. बायकोनं गावाहून फोनवर सांगितलं होतं, पितरपाखात घरातला जीव बाहेर काढू नये. पण घरमालक नि बिल्डर काही पंचांग बघून तारीख देत नाहीत. सकाळी त्याला पोळीचे तुकडे दूध-भातात कालवून घातले. थोरल्यानं त्याला अंघोळ घातली. नातीनं मलम लावलं.

आमच्या घरात एक रीत आहे. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं की गोठ्यातली बरकत जाते, असं आमची आजी म्हणायची. बैल गाडीत चढवला की मी दावं सोडून खांद्यावर टाकायचो. किती तरी दावी गोठ्यात खुंटीला आहेत. म्हणून गाडीपाशी मी सवयीनं ब्रूनोचा पट्टा सोडायला वाकलो.

ताई म्हणाल्या, "काका, राहू द्या. पट्टा पाहिजे मला. त्याची चादर पण द्या, नि मुलीचा एखादा न धुतलेला कपडा. नव्या जागी पहिले आठ दिवस त्याला घरचा वास लागतो. त्यावर झोप लागते त्यांना."

मी वाकलेला तसाच राहिलो. मग पट्टा जिथं होता तिथं ठेवून, दोन बोटं आत जाऊन सैल आहे ना, एवढं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जनावर दाव्यासकट दिलं. नात वर पळाली नि तिचा शाळेचा जुना टीशर्ट घेऊन आली. तिनं तो स्वतः गाडीत अंथरला.

ब्रूनो उडी मारून गाडीत बसला. त्याला वाटलं, पुन्हा माळशेज घाट. काचेला नाक लावून तो आमच्याकडं बघत होता, शेपूट सीटवर आपटत होती. गाडी वळणावरनं गेली तरी नात हात हलवत होती. वर आल्यावर थोरल्यानं त्याची वाटी घासली. घासलेली पुन्हा घासली. मग ती खोक्यात टाकू का नको, म्हणून हातात धरून उभा राहिला. पंधरा वर्षांनी मी त्याला रडताना बघितलं.

दोन महिन्यांनी एक फोटो आला, एकच. कुठलं तरी घर, पुढं थोडी बाग, खुर्चीत एक वयस्क बाई आणि तिच्या पायाशी हा. वजन उतरलेलं, मानेवर केस आलेले. पट्टा तोच. नातीनं फोटो मोठा करून दाखवला, तर त्याच्या तोंडात चप्पल होती.

नात विचारत होती, "आबा, त्याला वाटत असेल का आपण त्याला टाकलं?" मी खोटं सांगणार होतो, पण एवढं सगळं झाल्यावर तिला खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी म्हणलं, "पहिले काही दिवस वाटलं असंल बाळा. आता वाटत नसंल. आपल्याला मात्र वाटत राहणार. ते आपलं आहे, त्याचं नाही."

ही हकीकत मी ज्यांना सांगतो त्यातले काही म्हणतात, चांगलं घर मिळालं ना, मग कशाला मनाला लावून घेता? मनाला लावून घ्यायचं कारण असं, की चूक कुत्रं देण्यात नव्हती. देणं हे आम्ही त्याच्यासाठी केलेलं शेवटचं नि कदाचित एकमेव शहाणं काम. चूक आणताना झाली. बैल घेताना आम्ही दावण बघतो, वैरण बघतो, उन्हाळ्यात पाणी पुरेल का ते बघतो. कुत्रं घेताना फक्त पिल्लाचं तोंड बघितलं. दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार, तो बारा वर्षं जगला तर बारा वर्षं आपलं घर हेच राहणार का, आजारी पडला तर खर्च कोण करणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी फक्त कालवडीचा भाव सांगितला.

आणि शहरातल्या मंडळींना एक सांगायचंय. गावाला पाठवू, असं सहज म्हणू नका. गाव म्हणजे तुमच्या नको झालेल्या वस्तूंचा माळा नाही. आमच्याकडं जागा आहे, पण त्या जागेत ऊन आहे, गोचीड आहे, बिबट्या आहे, आणि आमच्यासारखी माणसं आहेत ज्यांना साखळी हाच एक उपाय ठाऊक असतो.

आता आमच्या दारात एक गावठी कुत्री आहे. आपणहून आलेली. तिची नसबंदी मी स्वतः नारायणगावला नेऊन करून आणली, तेव्हा गावातले लोक हसले. रात्री ती पडवीच्या आत, दार लावून. गळ्यात काटेरी पट्टा. तिला मी बांधत नाही. गोठ्यातली जुनी दावी खुंटीला तशीच आहेत, आणि ब्रूनोची साखळीही. ती भंगारवाल्याला दोनदा द्यायला काढली, दोन्ही वेळा परत ठेवली. समोर दिसलेली बरी.